दुर्मीळ ठरलेला आजार : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि नाशिक-मुंबईची वाट

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या दृष्टिचेता यांचा आजार आहे. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याला ‘एमएस’ असेच म्हणतात. चेतातंतूंभोवती मायलिनचे स्निग्ध आवरण असते आणि त्याच्यामुळे मेंदूचे संदेश झपाट्याने वाहतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच आवरणावर उलटते. आवरण जिथे जिथे झिजते तिथे चट्टे पडतात, आणि चट्टा कुठे पडला यावर लक्षण ठरते. कुणाची एका डोळ्याची नजर धूसर होते, कुणाचे पाय जड पडतात, कुणाच्या कमरेखाली मुंग्या येतात, कुणाचा लघवीवरचा ताबा जातो. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त आढळतो. बहुतेक रुग्णांमध्ये सुरुवातीची वर्षे झटके येतात आणि ओसरतात. डोळा बिघडतो, महिन्या-दीड महिन्यात सुधारतो, आणि घरचे निर्धास्त होतात. वर्षा-दोन वर्षांनी पाय लटपटू लागतात, तेव्हा त्या जुन्या डोळ्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते. दोन्ही घटना एकाच आजाराच्या आहेत हे जोडून पाहणारा माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ. नाशिकसारख्या जिल्ह्यात या आजाराचा इतिहास मुख्यतः त्या माणसापर्यंत पोहोचण्याचा इतिहास आहे.

आजाराची ओळख युरोपात पटली. १८३०च्या दशकात स्कॉटलंडचे रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्सचे झाँ क्रुव्हेल्हिए यांनी शवविच्छेदनात दिसलेल्या मज्जारज्जूवरच्या चट्ट्यांची चित्रे काढून ठेवली होती, पण त्या चट्ट्यांचा जिवंत माणसाच्या लक्षणांशी काय संबंध, हे त्यांच्यापुढे स्पष्ट नव्हते. तो संबंध पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्ताँ शार्को यांनी १८६८ मध्ये लावला. वर्षानुवर्षे एकाच रुग्णाची नोंद ठेवायची आणि मृत्यूनंतर त्याचा मेंदू व मज्जारज्जू तपासायचा, ही त्यांची पद्धत होती. पुढची शंभर वर्षे एमएसचे निदान याच धाटणीने होत राहिले. लांबलचक विचारपूस, हातोडीने तपासलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया, टॉर्चच्या उजेडात पाहिलेली डोळ्याची बाहुली, यावर सारी भिस्त होती. जर्मन नेत्रतज्ज्ञ व्हिल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदवले की शारीरिक श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती आणखी मंदावते. यामागे अंग तापणे आहे हे पुढे कळल्यावर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहण्याची चाचणी निघाली, आणि एमआरआय येईपर्यंत ती अनेक ठिकाणी वापरली गेली. नाशिकचा उन्हाळा विदर्भाइतका जाळणारा नसला, तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत थोडे चालले तरी पाय उचलेनासे होतात, ही इथल्या एमएसच्या रुग्णांची तक्रार ऊटहोफ यांनी नोंदवलेल्या घटनेचाच भाग आहे. अंग निवले की ती लक्षणे उतरतात. त्यांना नवा झटका समजून घाबरू नये, हे समजावून सांगणे हाही उपचारच आहे.

भारतात मात्र बराच काळ एमएस हा इथला आजार नाही असे शिकवले जाई. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे एमएसचे प्रमाण वाढते, असे जगाचे नकाशे दाखवत होते. अमेरिकन साथरोगशास्त्रज्ञ जॉन कुर्त्झके यांनी जगाचे जास्त, मध्यम आणि कमी प्रमाणाचे पट्टे पाडले, त्यात भारत कमी प्रमाणाच्या पट्ट्यात बसला. पण भारतात मायलिनचा नाश कुणी पाहिलाच नव्हता असे नाही. तो एका वेगळ्याच कारणाने, आणि फार दुःखद रीतीने, इथल्या डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवात आला होता.

ते कारण म्हणजे कुत्रा चावल्यावर पोटात दिली जाणारी चौदा इंजेक्शने. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीत तयार केलेली ही लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या रेबीजच्या विषाणूपासून बनत असे, आणि विषाणू फिनॉलने निष्प्रभ केला जाई. लसीबरोबर मेंढीच्या मेंदूतले मायलिनही शरीरात जाई. त्याच्याविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती काही रुग्णांच्या स्वतःच्याच मायलिनवर तुटून पडे. चावल्याने रेबीज झालाच नाही, पण लसीने पाय गेले, अशा घटना देशभरच्या रुग्णालयांत घडल्या. या अपघातांचा धागा पकडून अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ पासून माकडांना मेंदूच्या ऊतींची इंजेक्शने देऊन तसाच आजार प्रयोगशाळेत निर्माण केला. एमएसवरच्या संशोधनाचे आणि पुढच्या काही औषधांचे मूळ या प्रयोगांत आहे. सेंपलची लस भारतात २००४-०५ पर्यंत चालू राहिली. तिच्याहून कितीतरी सुरक्षित लशी उपलब्ध झाल्यानंतरही इतकी वर्षे ती गरिबांच्या पोटात टोचली गेली, हे आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले मोठे अपयश मानले पाहिजे.

मेंदूविकारशास्त्र ही स्वतंत्र शाखा भारतात स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये काम सुरू केले आणि १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये नोशिर वाडिया यांनी १९५७ मध्ये मेंदूविकार विभाग सुरू केला, आणि परळच्या केईएममध्ये एडी भरुचा यांनी ही शाखा रुजवली. उत्तर महाराष्ट्राच्या दृष्टीने या दोन रुग्णालयांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार या सगळ्या पट्ट्यातला न उलगडलेला आजार शेवटी मुंबईकडेच जाई. नाशिक रोडहून मुंबईचे लोहमार्गाचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये कसारा घाट आहे. मनमाडहून निघणारी पंचवटी एक्स्प्रेस १९७५ मध्ये सुरू झाली आणि सकाळी जाऊन रात्री परतणे शक्य झाले. धडधाकट नोकरदाराला ही सोय होती. पाय ओढत चालणाऱ्या, दर तासाला लघवीला जावे लागणाऱ्या रुग्णाला मात्र स्टेशनचे जिने, गर्दीचा डबा आणि मग रुग्णालयातली रांग ओलांडून डॉक्टरच्या खोलीत पोहोचेपर्यंत दिवस संपल्यासारखा वाटे. त्यातून मुंबईत ओळखीचे घर नसेल तर अनेकजण दुसरी खेप टाळत. एमएससारख्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा लागणाऱ्या आजारात टळलेली दुसरी खेप फार महागात पडते.

मुंबईतून एमएसचे भारतीय चित्र उमटू लागले ते याच सुमारास. १९७५ मध्ये भीम सिंघल आणि नोशिर वाडिया यांनी मुंबई परिसरातील एमएसच्या रुग्णांचा आढावा ‘जर्नल ऑफ द न्यूरॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक रुग्णाचे लक्षणांच्या आधारे काटेकोर परीक्षण हा त्याचा पाया होता. आजार इथे आहे, कमी असला तरी आहे, आणि डोळा व मज्जारज्जू यांना होणारी इजा त्यात ठळक आहे, हे या कामाने पुढे आणले. दहा वर्षांनी सिंघल यांनी रुग्णालयांतल्या नोंदींवरून देशातले प्रमाण दर लाख लोकसंख्येत सुमारे १.३३ असावे असा अंदाज मांडला. या आकड्याचा अर्थ नीट लावायला हवा. रुग्णालयात पोहोचलेले, तिथे मेंदूविकारतज्ज्ञ भेटलेले आणि त्याने ओळखलेले रुग्णच त्यात मोजले गेले. दिंडोरी किंवा पेठच्या पाड्यावरची जी बाई नेत्रतज्ज्ञाच्या दारातूनच परत गेली, ती या मोजणीत कुठून येणार?

मोजणीचा प्रश्न ज्या समाजात चोखपणे सोडवता आला तो पारशी समाज. तो संख्येने लहान, शहरांत एकवटलेला आणि स्वतःच्या नोंदी जपणारा असल्याने त्यात मोजणी शक्य होती. ऐंशीच्या दशकात नादिर भरुचा व त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुंबईतील पारशांमध्ये एमएसचे प्रमाण शोधले, वाडियांनी पुण्यातील पारशांचाही समावेश केला. दोन्ही अभ्यासांत ते लाखामागे वीसहून अधिक निघाले, म्हणजे देशाच्या तत्कालीन अंदाजाच्या अनेक पट. एकाच शहराच्या हवेत राहणाऱ्या दोन समाजांत इतका फरक पडत असेल, तर अक्षांश एकटा पुरत नाही, वंशाचा वाटा आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. दुसरी बाजू लंडनमधून आली. भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्या कुटुंबांची ब्रिटनमध्ये जन्मलेली मुले आईवडिलांपेक्षा तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमाणाकडे झुकतात, असे १९९०च्या अभ्यासात दिसले. म्हणजे लहानपणीच्या परिसराचाही वाटा होता. अमेरिकेतील एक कोटी सैनिकांच्या रक्तनमुन्यांच्या आधारे २०२२ मध्ये दाखवण्यात आले की एप्स्टाइन-बार या अत्यंत सामान्य विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे बत्तीस पटींनी वाढतो. तरीही लागण झालेल्यांपैकी फारच थोड्यांना एमएस होतो, त्यामुळे वंश आणि परिसर यांचा प्रश्न संपलेला नाही.

१९८५ हे वर्ष रुग्णांच्या दृष्टीने वेगळ्या कारणाने मोलाचे आहे. त्या वर्षी मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. संस्थापक रेहमत फजलभॉय यांना स्वतः एमएस होता. रुग्णांनीच रुग्णांसाठी उभी केलेली ही संस्था पुढे अनेक शहरांत शाखा काढून फिजिओथेरपी, समुपदेशन, औषधांसाठी मदत आणि कायद्यातल्या हक्कांचा पाठपुरावा करत राहिली. न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया लॉरी यांनी १९४६ मध्ये भावाच्या आजारासाठी अशीच संस्था उभारली होती. भावाला नेमके काय झाले आहे आणि कुणाला विचारावे, ही त्यांची सुरुवातीची अडचण चाळीस वर्षांनंतर महाराष्ट्रातही तितकीच खरी होती. लहान गावातल्या रुग्णाला संस्थेच्या पत्रकातून आपल्यासारखी आणखी माणसे आहेत हे पहिल्यांदा समजे.

नंतर एमआरआय आला आणि निदानाचे सारे गणित बदलले. एमएसचे चट्टे एमआरआयवर दिसतात हे १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवले गेले. भारतातले पहिले यंत्र १९८६ मध्ये दिल्लीत बसले. मुंबई-पुण्यापाठोपाठ नाशिकमध्येही खासगी निदान केंद्रांतून ते उपलब्ध झाले. आधी ज्याला दोन झटके आणि दोन-चार वर्षांचा पुरावा लागे, ते पहिल्याच झटक्यानंतर चित्रावर दिसू लागले. २००१ मध्ये इयन मॅकडोनल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष ठरले आणि ते पुढे अनेकदा सुधारले गेले. २०१७ च्या सुधारणेने पाठीच्या पाण्यातील ऑलिगोक्लोनल बँड या तपासणीला पुन्हा वजन दिले. पाठीचे पाणी काढणे म्हणताच घरातले घाबरतात आणि पाय कायमचे जातील ही भीती ग्रामीण भागात घट्ट आहे. सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, हे चित्र काढून दाखवल्यावर बहुतेक कुटुंबे तयार होतात.

निदान सोपे झाले, पण त्याबरोबर घाईच्या निदानाचा धोकाही वाढला. एमआरआयवर दिसलेला प्रत्येक पांढरा ठिपका एमएसचा नसतो. महाराष्ट्रात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते आणि तीही मज्जारज्जू बिघडवते. क्षयरोग मेंदूच्या आवरणांना आणि मणक्यांना पकडतो. रक्तदाब आणि अर्धशिशीतही ठिपके दिसतात. सगळ्यांत महत्त्वाची पुनर्मांडणी २००४ मध्ये झाली. मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळा व मज्जारज्जू यांना गाठणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराची रक्तातली खूण शोधली. पुढे ती अक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असल्याचे ठरले, आणि मॉग नावाच्या आणखी एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आजारही वेगळा काढण्यात आला. भारतात पूर्वी ‘डोळा आणि कणा’ पद्धतीचा एमएस म्हणून नोंदलेले काही रुग्ण वस्तुतः या दुसऱ्या आजारांचे असणार. हा फरक केवळ नावाचा नाही. एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड ही औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात आजार वाढवू शकतात. म्हणून डोळा आणि कणा एकत्र बिघडलेल्या रुग्णात ही रक्ततपासणी आधी करणे आज अनिवार्य मानले जाते. एमएसचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाची गरज इथे सर्वांत अधिक जाणवते.

नाशिकमध्ये वैद्यकीय शिक्षणाची घडी याच काळात बसत होती. मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये आडगावला सुरू झाले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. राज्यभरातल्या मेंदूविकारशास्त्राच्या डीएम पदव्या तेव्हापासून नाशिकच्या विद्यापीठाच्या शिक्क्याने मिळू लागल्या, मात्र त्या पदवीचे शिक्षण मुख्यतः मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होत राहिले. तिथे शिकलेले तज्ज्ञ हळूहळू नाशिकमध्ये स्थायिक होत गेले आणि खासगी रुग्णालयांत मेंदूविकार विभाग उभे राहिले. तीव्र झटका आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून रोज एक ग्रॅम याप्रमाणे तीन ते पाच दिवस देतात. या उपचारासाठी आता नाशिककराला घाट उतरावा लागत नाही.

स्टेरॉइडने झटका लवकर ओसरतो, पण पुढचा झटका थांबत नाही. तो थांबवणारे पहिले औषध इंटरफेरॉन बीटा अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले. त्यामागून ग्लॅटिरामर, नॅटॅलिझुमॅब आणि २०१० मध्ये फिंगोलिमॉड ही पहिली गोळी आली. भारतात किमती हा पहिल्या दिवसापासून सर्वांत मोठा अडसर होता. इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षानुवर्षे घेणे मध्यमवर्गीय घरालाही परवडत नसे. नाशिकमध्ये हा भेद ठळक दिसतो. ओझरच्या एचएएल कारखान्यातला, नाशिक रोडच्या प्रेसमधला किंवा राज्य कामगार विमा योजनेत मोडणारा सातपूर-अंबडचा कामगार यांच्यामागे काही ना काही वैद्यकीय आधार असतो. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला किंवा त्याच्या बागेतल्या मजुराला तो नसतो. सरकारी आरोग्य योजनांचा रोख रुग्णालयात दाखल करून केलेल्या उपचारांवर राहिला आहे, आणि एमएसचे औषध तर घरी राहून, तब्येत बरी असताना, वर्षानुवर्षे घ्यायचे असते.

किमतीचा हा डोंगर काही अंशी भारतीय कंपन्यांनी फोडला. ग्लॅटिरामर, फिंगोलिमॉड, डायमिथाइल फ्युमारेट, टेरिफ्लुनोमाइड यांची देशी रूपे बाजारात आली. रिटुक्सिमॅब हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचे औषध आहे आणि त्याचे भारतीय रूप हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये आणले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिटुक्सिमॅबने एमएसचे नवे चट्टे थांबवल्याचे दिसले. परवाना नसतानाही जगभरच्या डॉक्टरांनी ते एमएससाठी वापरले, स्वीडनमध्ये तर ते प्रमुख औषध ठरले. बहुधा सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून देण्याचे हे औषध अंतरावर राहणाऱ्या रुग्णालाही सोयीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच औषधे घातली, आणि त्यांत क्लॅड्रिबीन व ग्लॅटिरामरसोबत रिटुक्सिमॅबही आहे. मात्र ते देण्याआधी कावीळ-बी आणि क्षयरोग यांची तपासणी आपल्याकडे टाळता येत नाही.

आजारामुळे येणाऱ्या अपंगत्वाला कायद्यात जागा मिळायलाही वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि एमएस त्यांत नव्हता. चालताना न दिसणारा थकवा, जाणारी-येणारी नजर, लघवीची घाई या गोष्टी कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव घेतले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व ठरल्यास आरक्षण व सवलतींचा हक्क मिळतो. रुग्ण संस्थांनी अनेक वर्षे लावून धरलेली ही मागणी होती. झटक्यांच्या मधल्या काळात धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाची टक्केवारी कशी ठरवावी, ही अडचण मात्र प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांपुढे उरलीच.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि मुंबईच्या तज्ज्ञाला नाशिकहून दाखवणे कायदेशीर व रुळलेले झाले. पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हायला हवी. नंतरच्या अनेक भेटी पडद्यावर होऊ शकतात, आणि घाटाचा अडसर तेवढ्यापुरता दूर होतो.

मंगळूर शहरातल्या पाहणीत २०१४ मध्ये एमएसचे प्रमाण लाखामागे आठाहून थोडे अधिक आढळले. सिंघल यांच्या सुमारे तीस वर्षे आधीच्या अंदाजाच्या ते सहा पट होते. आजार खरेच वाढला असेल, पण या वाढीतला मोठा वाटा तज्ज्ञ आणि यंत्रे वाढल्याचा आहे, असे मानायला सबळ आधार आहे. तोच हिशोब नाशिक जिल्ह्याला लावला, तर साठ लाखांहून अधिक लोकसंख्येत काही शे रुग्ण असायला हवेत. त्यांना विखुरलेल्या ओपीडींतून न शोधता जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवसाचा एमएसचा दवाखाना सुरू व्हावा, तिथे फिजिओथेरपी आणि लघवीच्या तक्रारींचा सल्ला एकाच छताखाली मिळावा, आणि भारतातच तयार होणारे रिटुक्सिमॅब राज्याच्या औषध खरेदीत एमएससाठी घेतले जावे. राज्य सरकारने हे काम आता हाती घ्यावे.